मदतीचा टेम्पो वेशीवरून माघारी का धाडला?

विचारा, सांगतो : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

पूर, भूकंप, आग अशा वेळी धावून जाणाऱ्या स्वयंसेवी संस्थांबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली आणि त्यातली बरीचशी रागानं लिहिलेली. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच, की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मी उभा जन्म स्टोअर सांभाळलं आणि किल्लारीच्या भूकंपापासून मदतीच्या सामानाचा हिशेब ठेवत आलोय. त्यामुळं माझं बोलणं थोडं गोडाऊनमधल्यासारखं वाटेल. चालवून घ्या.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा आमच्या मंडळानं टेम्पो भरून कपडे गोळा केले. माढा तालुक्यातल्या एका गावी नेले, तर तिथल्या पोरांनी वेशीवरच अडवलं. ‘कपडे नकोत, माघारी न्या’ म्हणाले. वर आमचाच व्हिडिओ काढला. ऐन नवरात्रात मंडपाचं काम सोडून गेलो होतो, त्याची हीच किंमत का?
*– मंडळाचा कार्यकर्ता, सोलापूर पूर्व भाग*

व्हिडिओ काढायला नको होता. बाकी पोरांचं बरोबर होतं.

तुमच्या टेम्पोत काय होतं ते मी पाहिलेलं नाही, पण अशी गाठोडी आयुष्यभर सोडलीत. वर एखादी बरी साडी असते, देणाऱ्यानं मुद्दाम वर ठेवलेली. खाली बटणं गेलेले शर्ट, चेन तुटलेल्या पँटी, लग्नात एकदाच घातलेला जरीचा घागरा, एका पायाचा मोजा, लोकरीच्या टोप्या. साड्या निघतात, त्यावर परकर-ब्लाऊज नसतात. न धुतलेले कपडे तर हमखास. एक टेम्पो नीट निवडायचा, म्हणजे बायांचे, गड्यांचे, पोरांचे असे ढीग करून फाटकं बाजूला काढायचं, तर सात-आठ जणांचा अख्खा दिवस जातो. आता हे काम कोण करणार? ज्याच्या घरात गुडघाभर गाळ आहे तो? ठेवायचं कुठं? गावात कोरडी जागा एकच असते, ती शाळा, आणि तिथं माणसं झोपलेली असतात. मग गाठोडी व्हरांड्यात पडतात, पावसात भिजतात, वास सुटतो, आणि शेवटी ग्रामपंचायतीलाच ती उचलून टाकावी लागतात. तुम्ही मदत म्हणून नेलं ते त्यांच्या डोक्यावरचं आणखी एक काम झालं असतं.

हे काही सीनाकाठचंच नाही. १९९३ ला किल्लारीत कपड्यांचे ढीग पडले होते, २००१ ला कच्छमध्ये पडले, २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत तर इतके, की ते गोळा करून, निवडून वापरात आणण्याचं मोठं काम गूंज या संस्थेला हाती घ्यावं लागलं. जुन्या सुती कपड्यांचे बायकांसाठी पॅड बनवायचं त्यांचं काम पुष्कळांना ठाऊक असेल. म्हणजे जुना कपडा वाया जात नाही, पण तो आधी निवडणाऱ्याच्या दारात जायला हवा. पूरग्रस्ताच्या दारात थेट नव्हे.

मग न्यायचं काय? आधी फोन करायचा. सरपंच, ग्रामसेवक, नाहीतर तहसीलचा नियंत्रण कक्ष. दोनच गोष्टी विचारायच्या : काय पाहिजे, आणि कधीपर्यंत पाहिजे. दुसरा प्रश्न सगळे विसरतात. पिण्याचं पाणी पहिले दोन-तीन दिवस सोन्यासारखं असतं. चहूकडं पाणी आणि प्यायला घोट नाही, अशी गत असते. टँकर सुरू झाले की त्याच बाटल्यांचा गावभर कचरा होतो. शिजवलेलं अन्न पहिल्या दिवसांत लागतं. घरी चूल पेटायला लागली की लोकांना पिठलं-भात नको असतो, गॅसची शेगडी आणि पीठ-मीठ-तेल हवं असतं. त्यानंतर ताडपत्री, मच्छरदाण्या, टॉर्च, बादल्या. जनावरांना कडबा, वाढं, मुरघास. हे मागायला शेतकऱ्याला लाज वाटत नाही, स्वतःसाठी मागायला वाटते, म्हणून आपणहून विचारायचं. अंतर्वस्त्रं आणि पॅड कुणीच यादीत सांगत नाही आणि दोन्ही नवीनच लागतात. आणि अहो, आपण सोलापूरकर! नवी चादर, नवा टॉवेल आपल्याकडं ठोक भावात मिळतो. टेम्पोभर जुन्यापेक्षा चार गठ्ठे नवे न्या की.

तुमच्या मंडळाकडं एक गोष्ट मात्र अशी होती जी त्या गावाकडं नव्हती : पंचवीस-तीस धडधाकट पोरं. गाळ काढायला, विहिरी उपसायला, भिजलेलं धान्य वाळत घालायला माणूस मिळत नव्हता. पुढच्या वेळी कपडे घरी ठेवा, फावडी-घमेली आणि आपला डबा घेऊन जा. कोण अडवतंय बघू.

प्रश्न : आमची वस्ती मोहोळ तालुक्यात, गावापासून लांब, शेतात. पुरात घरात पाणी शिरलं. हायवेजवळच्या गावांना तीन-तीनदा किट मिळाली, आमच्याकडं कुणी फिरकलं नाही. संस्था गावं ठरवतात तरी कशी? आम्ही दुसऱ्याची जमीन बटईनं करतो, त्यामुळं पंचनाम्यातही नाव नाही म्हणे.
*– एक वाचक भगिनी*

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. उत्तर लांब होईल.

खरं सांगायचं तर पुष्कळ संस्था गावं ठरवतच नाहीत, रस्ता ठरवतो. मोठी गाडी जिथं वळते, उभी राहते, तिथं किट उतरतं. त्या पुरात लांबोटीपाशी पुणे हायवेच बंद झाला होता, त्यामुळं जी गावं गाठता आली तिथं सगळेच गेले. दुसरं कारण मोबाईल. एका गावाचा व्हिडिओ फिरला की महिनाभर सगळ्या गाड्या त्याच गावाला. तिसरं, गावानं दिलेली यादी. ती बहुतेक वेळा गावठाणाची असते. वस्तीवरचे, भाड्यानं राहणारे, ऊसतोडीला आलेले, बटईदार, पालावरचे, यांची नावं त्यात गळतात. कुणी मुद्दाम गाळतं असं नाही. यादी करणारा स्वतःच भिजलेला असतो आणि त्याला जी घरं आठवतात ती तो लिहितो.

जी संस्था काम जाणते ती सामान हलवायच्या आधी माणसं पाठवते. दोन जण, मोटारसायकलवर, वही घेऊन. त्यातली एक बाई असली तर फार बरं, कारण बाईला बाई खरं सांगते. घरटी माणसं किती, तान्हं मूल आहे का, कुणी गरोदर आहे का, बीपी-शुगरच्या गोळ्या वाहून गेल्या का, जनावरं किती उरली. मग तहसीलदारांकडं संस्थांची बैठक होते आणि गावं वाटून घेतली जातात. निदान व्हायला हवी. वाटपाच्या आदल्या दिवशी घरोघर कूपन द्यायचं, दुसऱ्या दिवशी कूपन बघून सामान द्यायचं. गाडीवर उभं राहून फेकायचं नाही. माझा नेम असा, की कूपनाची यादी बचत गटाच्या बायकांच्या हातात द्यायची. कुणाच्या घरी दोनदा गेलं आणि कुणाच्या घरी गेलंच नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि चार बायकांसमोर दटावणं सरपंचालाही जड जातं.

या कामाला जगभर मानलेली मापंसुद्धा आहेत, स्फिअर नावानं ओळखली जातात. आणीबाणीत माणशी दिवसाला कमीत कमी १५ लिटर पाणी, पिण्या-वापरण्याचं मिळून. वीस माणसांमागे एक संडास. निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. आपल्या छावण्यांत हे जमतंच असं नाही. पण आपल्याला किती कमी मिळालं हे मोजायला काहीतरी पट्टी हवी, म्हणून सांगितलं. शाळेत दीडशे माणसं आणि दोन संडास असतील तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. ही गोष्ट कुठल्याच अहवालात येत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते. वस्तीची यादी तुम्हीच करा, शाळेच्या वहीच्या पानावर चालेल : कुटुंबप्रमुख, माणसं, लहान मुलं, आजारी, जनावरं, काय काय गेलं. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली असेल तर रंग द्यायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवा, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे उंची कळते. नुकसानीचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. पिकाची भरपाई सातबारा बघून जाते, तिथं बटईदाराची अडचण होते. पण घराची पडझड, भांडी-कपड्यांचं नुकसान आणि जनावरांचा मृत्यू यांचा पंचनामा तुमच्या नावानं मागा, त्याला जमीन लागत नाही. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. कागद वाहून गेले असतील तर तेही त्याच अर्जात लिहा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे, तो फक्त पुरात वाचवायला नसतो, ‘आमच्याकडं कुणी आलं नाही’ हे सांगायलाही आहे.

किट वाटणाऱ्यांबद्दल एक बोलून घेतो. मदत देताना बाईला हात जोडायला लावून फोटो काढणारे मी पाहिलेत. तुम्हाला कुणी तसं म्हटलं तर खुशाल नाही म्हणा. देणगीदाराला पावती हवी असते, ती कूपनावरच्या सहीनं किंवा अंगठ्यानं होते.

आणि खरी गरज तर गाड्या थांबल्यावर सुरू होते. सीनाकाठची माती खरवडून गेली, विहिरी गाळानं बुजल्या, पाण्याच्या मोटारी जळाल्या. त्याला किट पुरत नाही. अशा वेळी कुठली संस्था सहा महिन्यांनीही गावात दिसते ते बघा आणि तिला धरून ठेवा. किल्लारीनंतर हेच झालं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं निजली होती, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, त्याखाली हजारो गेले. सोलापुरात आपण सगळे रस्त्यावर आलो होतो. पहिल्या आठवड्यात तिथं माणसांची इतकी रीघ लागली, की बघ्यांच्या गाड्यांनी मदतीच्या गाड्यांचा रस्ता अडवला. पुढं गर्दी ओसरली, आणि राहिले ते मोजके. भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याला वाघोलीला नेली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. घर बांधताना भूकंपात टिकेल असं काय करायचं, सरकारी पैसा कसा मागायचा, हे त्या शेजारणींना समजावत. तुमच्या वस्तीतही अशी एखादी बोलकी बाई असेलच. तुमचं पत्र वाचून वाटतं, ती तुम्हीच असाल.

प्रश्न : काका, मी एकोणीस वर्षांचा आहे. विहिरीत लहानपणापासून पोहतो. पुढच्या पुरात रेस्क्यूला उतरायचंय. एनडीआरएफसोबत जाता येईल का?
*– कॉलेज विद्यार्थी, दक्षिण सोलापूर*

नाही. विहिरीचं पाणी उभं असतं, पुराचं पळतं. त्यात काटेरी झाडं, तारा, पत्रे, साप सगळं असतं. २०१९ च्या पुरात सांगलीतल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नावच उलटली आणि माणसं गेली. नाव होती, माणसं सोडवण्याची धडपड होती, पण गर्दी क्षमतेपेक्षा जास्त होती आणि अंगावर लाइफ जॅकेट नव्हती.

एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, हे सरकारी दल आहे, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून उभं राहिलेलं. आपल्याला जवळची त्यांची पाचवी बटालियन पुण्याची. त्यांच्यासोबत हौशी माणसाला उतरता येत नाही. तुझ्यासाठी रस्ता ‘आपदा मित्र’चा, म्हणजे स्वयंसेवकांना आपत्तीच्या कामाचं शिक्षण देणाऱ्या सरकारी योजनेचा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन पुढची तुकडी कधी आहे ते विचार. त्यात दोर, प्रथमोपचार, सीपीआर, आगीपासून बचाव, पूर हे सगळं शिकवतात. कोल्हापूरच्या व्हाईट आर्मीसारख्या संस्थाही आहेत, वर्षभर सराव करणाऱ्या. पूर नसताना सराव करायची तयारी असेल तरच या कामाला लाग.

केरळात २०१८ ला मच्छीमारांनी स्वतःच्या होड्या ट्रकवर घालून आणल्या आणि हजारो लोक बाहेर काढले, हे खरं. पण तो त्यांचा रोजचा धंदा, पाणी त्यांच्या हातातलं. आपल्याकडं भीमाकाठचे कोळी बांधव तसे आहेत. त्यांच्या शेजारी बसून नदी शिकून घे. आणि दोर पकडून काठावर उभा राहणाराही रेस्क्यूतच असतो बे, त्याचा फोटो येत नाही एवढंच.

प्रश्न : देणगी मुख्यमंत्री सहायता निधीला द्यावी की संस्थेला? कुणावर विश्वास ठेवावा?
*– निवृत्त शिक्षक, बार्शी*

दोन्हीकडं देता येते, कर सवलतीची पावती दोन्हीकडं मिळते. संस्थेच्या बाबतीत मात्र तिच्याकडं ८०-जीची नोंदणी आहे का ते आधी विचारा. निधीतला पैसा मोठ्या कामाला जातो, संस्थेचा लवकर आणि जवळ पोचतो. संस्था निवडताना गुरुजी, तीन गोष्टी मागा : धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, गेल्या वर्षीचा ऑडिट झालेला ताळेबंद, आणि मागच्या आपत्तीत कुठं काम केलं त्या गावातल्या कुणाचा तरी फोन. तिसरं मागितलं की निम्मे गळतात. कुणाच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड आला तर पैसे टाकू नका, पाठवणारा कितीही ओळखीचा असो.

प्रश्न : आपल्या जिल्ह्यात दुष्काळ नाहीतर पूर दरवर्षी ठरलेला. तरी सोलापूरच्या संस्था केरळ, उत्तराखंडला का धावतात? आधी घरचं बघावं.
*– एक वाचक, मंगळवेढा*

घरचं आधी बघावंच. पण किल्लारीच्या वेळी आपल्याकडं कुठून कुठून माणसं आली हे ज्यानं पाहिलं त्याला हा प्रश्न पडत नाही. लातूर-धाराशिवच्या ज्या बायकांनी आपापली गावं उभी केली, त्यातल्या काही २००१ च्या भूकंपानंतर कच्छला गेल्या. तिथल्या बायकांना त्यांनी काय सांगितलं असेल ते कुठल्या इंजिनिअरला सांगता आलं नसतं. आणि आपल्याच गावचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चार डॉक्टरांसोबत चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत १९४२ मध्ये तिथंच वारले, वय ३२. तेव्हा सोलापुरात दवाखाने उतू चालले होते असं काही नव्हतं.

तुमचं एक मात्र मला पटतं. लांबच्या आपत्तीला माणसांची बस भरून जायची गरज नसते. तिथली भाषा येत नाही, राहायची-जेवायची सोय त्यांनाच करावी लागते. लांब असेल तर पैसा पाठवावा, नाहीतर खास हुन्नराचा माणूस : डॉक्टर, पाण्याचा इंजिनिअर, किल्लारीसारखा अनुभव असलेला. जवळ असेल तर हातपाय घेऊन जावं.

प्रश्न : २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आपल्याकडून कडक भाकरी गेल्या होत्या. आमच्या बचत गटाला पुढच्या वेळी करून पाठवायच्यात. कशा पाठवाव्यात म्हणजे टिकतात?
*– महिला बचत गट, अक्कलकोट*

चला, शेवटचा प्रश्न माझ्या आवडीचा.

कडक भाकरीला पाणी नाही, चूल नाही, ताट नाही. पहिल्या दिवसांत हिच्यासारखं दुसरं अन्न नाही. ज्वारीची असो वा बाजरीची, पातळ थापा आणि पूर्ण कडक होईपर्यंत शेका. मधे जाड राहिली तर तिथंच बुरशी धरते. भाजल्यावर पार गार होऊ द्या, रात्रभर फडक्यावर पसरून ठेवा. घाईत गरम भरली की आत वाफ धरते आणि गाडी पोचेपर्यंत ती मऊ पडते. पोत्यात कधीच भरू नका, वरच्या गठ्ठ्याच्या भारानं खाली नुसता चुरा होतो. दहा-दहाच्या चळती करा, प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बंद करा, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या लावा, आडव्या नको. मोकळी जागा रद्दीनं भरा. कोरड्या जागी ठेवल्या तर आठवडेच्या आठवडे टिकतात. सोबत शेंगा चटणी, कोरडीच, तेल न घालता. तेलाची लवकर खवट होते.

म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना ती चावत नाही, म्हणून त्याच खोक्यात गूळ आणि पोह्यांची एक पिशवी टाका. बाहेरच्या लोकांना हिची सवय नसते, ती शिळी वाळलेली भाकर समजून ते टाकून देतात. त्यामुळं प्रत्येक खोक्यात चिठ्ठी हवी : ही मुद्दाम कडक केलेली आहे, तशीच खा किंवा आमटीत, दुधात मोडून खा. आणि खोक्याच्या दोन्ही बाजूंना भाजल्याची तारीख मार्करनं लिहा. बॉलपेनचं पावसात दिसत नाही.